हेड नोडवर चालतं, कंप्यूट नोडवर अडतं: क्लस्टरच्या लायसन्सविषयी वाचकांचे प्रश्न

गोव्यातल्या वाचकांकडून क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या संगणकांचा संच) आणि लायसन्स सर्व्हर (सॉफ्टवेअर वापरायची परवानगी मोजून देणारं मशीन) या जोडीबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले पाच इथे घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांचा पाया तिथेच आहे.

प्रश्न: आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एक हेड नोड (जिथून काम पाठवतो) आणि आठ कंप्यूट नोड (जे ते काम करतात) असा छोटा लिनक्स क्लस्टर आहे. फ्लेक्सनेट पद्धतीचं, म्हणजे नेटवर्कवरून मोजून दिलं जाणारं, लायसन्स कॉलेजच्या सर्व्हर खोलीतल्या वेगळ्या मशीनवर आहे. कंप्यूट नोडचं नेटवर्क खाजगी असून बाहेरची वाट हेड नोडमधूनच जाते. लायसन्स सर्व्हर रीस्टार्ट केला, आणि तेव्हापासून हेड नोडवर सॉफ्टवेअर नीट उघडतं, पण स्लर्ममधून (जॉब रांगेत लावून नोडना वाटणारा प्रोग्रॅम) जॉब पाठवला की बहुतेक नोडवर ‘उणे १५’ हा एरर कोड आणि दोन नव्याने बसवलेल्या नोडवर ‘उणे ९६’ येतो. चूक कुठे शोधायची?
– प्रयोगशाळा साहाय्यक, फोंडा

उत्तर: तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड एकाच वेळी आहेत, म्हणून गोंधळ होतो आहे.

आधी उणे १५, म्हणजे सर्व्हरशी कनेक्शन न होणं. लायसन्स सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम चालतात. ‘एलएमजीआरडी’ हा पहिला. तो ठरलेल्या पोर्टवर (नेटवर्कच्या क्रमांकित दारावर), बहुधा २७००० वर, ऐकत असतो. दुसरा व्हेंडर डिमन, म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीचा स्वतःचा, पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम. लायसन्स मोजून देणं-घेणं हे त्याचं काम. तुमचा जॉब आधी पहिल्याकडे जातो, तो दुसऱ्याचा पोर्ट सांगतो, आणि मग जॉब त्या दुसऱ्या पोर्टवर नवं कनेक्शन उघडतो. लायसन्स फाइलमधल्या ‘व्हेंडर’ ओळीत पोर्ट लिहिला नसेल तर हा दुसरा पोर्ट दर रीस्टार्टला बदलतो. तुमच्या हेड नोडच्या फायरवॉलमध्ये कंप्यूट नोडसाठी २७००० आणि त्या वेळचा दुसरा पोर्ट असे दोनच मोकळे ठेवले असणार. रीस्टार्टनंतर दुसरा पोर्ट बदलला आणि वाट बंद झाली. हेड नोड स्वतः थेट बाहेर जातो, त्याला हा नियम लागत नाही, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं.

उपाय एका ओळीचा आहे. ‘व्हेंडर’ ओळीच्या शेवटी ‘पोर्ट=२७००१’ लिहा. (फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे.) मग ‘एलएमडाउन’ने सर्व्हर थांबवा, दोनेक मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. लगेच सुरू केलात तर जुना पोर्ट अजून अडकलेला असल्यामुळे ‘पत्ता वापरात आहे’ अशी तक्रार लॉगमध्ये येऊ शकते. त्यानंतर २७००० आणि २७००१ हे दोन्ही पोर्ट दोन ठिकाणी उघडा: लायसन्स सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, आणि हेड नोडवरच्या फॉरवर्डिंगच्या (कंप्यूट नोडची रहदारी पुढे पाठवण्याच्या) नियमांत. दुसरं ठिकाण हमखास विसरलं जातं. नियम कायमचे लिहा, नाहीतर पुढच्या रीबूटला तीच रड.

आता उणे ९६. याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की नोडला सर्व्हरचं नावच सापडत नाही. लायसन्स फाइलच्या ‘सर्व्हर’ ओळीत जे नाव आहे, ते प्रत्येक नोडवर आयपी पत्त्यात बदलता आलं पाहिजे. त्या दोन नोडवर ‘गेटएंट होस्ट्स’ या कमांडला ते नाव देऊन पाहा. उत्तर रिकामं आलं तर ‘ईटीसी होस्ट्स’ फाइलमध्ये सर्व्हरचं पूर्ण नाव आणि लहान नाव अशी दोन्ही टाका. नोड ज्या इमेजवरून (तयार साच्यावरून) बसवता त्या इमेजमध्येही टाका, म्हणजे पुढचा नवा नोड याच दुखण्यासह जन्माला येणार नाही.

दुरुस्ती झाली की चाचणी कंप्यूट नोडवरूनच घ्या. हेड नोडवरची चाचणी क्लस्टरबद्दल काहीच सांगत नाही. स्लर्मच्या ‘एसरन’ने एका नोडवर शेल उघडा आणि ‘एनसी’ने दोन्ही पोर्ट लागतात का ते बघा. मग लायसन्सची स्थिती दाखवणारा ‘एलएमस्टॅट’ चालवा, ‘ए’ पर्यायासह आणि सर्व्हर ‘पोर्ट ॲट होस्ट’ या रूपात देऊन. सर्व्हर आणि व्हेंडर डिमन या दोघांपुढे ‘अप’ दिसलं पाहिजे आणि खाली प्रत्येक फीचरची (लायसन्समधल्या घटकाची) एकूण संख्या. एवढं जमलं की आठही नोडवर प्रत्येकी एक टास्क असा एक मिनिटाचा जॉब पाठवा आणि सर्व्हरचा डीबग लॉग उघडा ठेवा. प्रत्येक नोडच्या नावाने आधी ‘आउट’ आणि नंतर ‘इन’ अशी नोंद दिसली पाहिजे. ‘आउट’ आहे पण ‘इन’ नाही, तर लायसन्स परत आलेलं नाही. तो नोड तपासा.

इतकं करूनही एखाद्याच विद्यार्थ्याचा जॉब अडत असेल, तर त्याच्या होम डिरेक्टरीत ‘डॉट फ्लेक्सएलएमआरसी’ नावाची लपलेली फाइल उघडून बघा. एकदा लायसन्स मिळालं की सर्व्हरचा पत्ता तिथे आपोआप लिहून ठेवला जातो. होम सगळ्या नोडवर सामायिक असल्यामुळे जुन्या, बंद पडलेल्या सर्व्हरचा पत्ता त्याच्या प्रत्येक जॉबच्या मागे लागतो. फाइल बाजूला करा. आणि सर्व्हरचा पत्ता कुणाच्या ‘बॅशआरसी’त (वैयक्तिक सेटिंग फाइलीत) न लिहिता सगळ्यांच्या सामायिक मॉड्यूलफाइलमध्येच ठेवा, म्हणजे बदल एकाच जागी होईल.

प्रश्न: आमच्याकडे एका सॉफ्टवेअरची चार लायसन्स आहेत. रात्री रांगेत दहा जॉब लावून जातो. सकाळी चार झालेले आणि सहा ‘उणे ४’ने मेलेले. ते थांबून का राहत नाहीत?
– संशोधक विद्यार्थी, ताळगाव

उत्तर: उणे ४ म्हणजे सगळी लायसन्स वापरात आहेत. कोअर आणि मेमरी मोकळी दिसली की स्लर्म जॉब सोडतो. लायसन्स नावाची वस्तू त्याला कुणी सांगितलेलीच नाही. ‘स्लर्म डॉट कॉन्फ’मध्ये ‘लायसन्सेस=’ या ओळीत नाव आणि संख्या लिहायला सांगा, उदाहरणार्थ ‘सॉल्व्हर:४’, आणि ‘एसकंट्रोल रीकॉन्फिगर’. तुमच्या जॉब स्क्रिप्टमध्ये मोठ्या ‘एल’चा पर्याय देऊन ‘सॉल्व्हर:१’ मागा. खात्रीसाठी एकेक लायसन्स मागणारे पाच छोटे जॉब एकदम सोडा. चार चालले पाहिजेत, आणि पाचवा ‘पीडी’ (प्रतीक्षेच्या) अवस्थेत, कारणाच्या रकान्यात ‘लायसन्सेस’ लिहून, थांबला पाहिजे. पाचवाही चालू झाला तर त्या जॉबने लायसन्स मागितलेलंच नाही. तसं होऊ नये म्हणून जॉब स्वीकारताना चालणाऱ्या ‘जॉब सबमिट’ प्लगइनमध्ये तपासणी टाकणं हा पक्का मार्ग.

मात्र ही स्लर्मची आपली आपली मोजणी आहे. तो लायसन्स सर्व्हरला काही विचारत नाही. प्रयोगशाळेतल्या पीसीवर कुणी तेच सॉफ्टवेअर उघडून बसलं, तर स्लर्मच्या हिशेबात चार आणि प्रत्यक्षात तीन. अशा ठिकाणी सर्व्हरच्या ऑप्शन्स फाइलमध्ये ‘होस्ट ग्रुप’ करून क्लस्टरसाठी तीन राखून ठेवता येतात, ‘रिझर्व्ह’ वापरून. मग स्लर्ममध्येही तीनच लिहा. राखलेली लायसन्स रिकामी असली तरी दुसऱ्याला मिळत नाहीत, हे विभागातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. ऑप्शन्स फाइल बदलली की ती पुन्हा वाचायला लावणारा ‘एलएमरीरीड’ द्यावा लागतो.

सॉफ्टवेअर टोकन पद्धतीचं असेल, म्हणजे कोअर वाढतील तसे जास्त टोकन घेत असेल, तर हिशेब बदलतो. ॲबॅकस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. लागणारे टोकन म्हणजे कोअरच्या संख्येचा ०.४२२ घात, गुणिले ५, आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. एका कोअरला ५ टोकन, ४ ला ८, ८ ला १२, १६ ला १६, ३२ ला २१. म्हणजे ३२ टोकनांत चार-चार कोअरचे चार जॉब बसतात, किंवा सोळा-सोळा कोअरचे दोन. टोकन तेवढेच, पण पहिल्या वाटणीत १६ कोअर कामाला लागतात आणि दुसरीत ३२. मॉडेल सोळा कोअरवर खरंच वेगाने सुटत असेल तर दुसरी वाटणी घ्या. लहान मॉडेलला तो फायदा मिळत नाही, तिथे पहिलीच बरी. स्लर्मला मात्र जॉबची संख्या न देता टोकनांची संख्या द्या, आणि स्क्रिप्टमध्ये कोअर बदलले की मागितलेले टोकनही बदला.

प्रश्न: पावसाळ्यात वीज गेली की यूपीएसवर फक्त हेड नोड आणि लायसन्स सर्व्हर टिकतात, कंप्यूट नोड बंद पडतात. वीज आल्यावर नोड पाच मिनिटांत उभे राहतात, पण लायसन्स ‘वापरात’ दिसत राहतात आणि जॉब सुरू होत नाहीत. दीड-दोन तासांनी आपोआप सुटतात. हे लवकर सोडवता येईल का?
– सिस्टिम ॲडमिन, वास्को

उत्तर: येईल. प्रोग्रॅम नेहमीसारखा संपला, किंवा ‘किल’ केला तरी, नोडचं लिनक्स कनेक्शन बंद झाल्याचं सर्व्हरला कळवतं आणि लायसन्स लगेच सुटतं. वीज गेली तर कळवायला नोडच उरत नाही. सर्व्हर कनेक्शन जिवंत धरून बसतो आणि टीसीपीच्या कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का, या) तपासणीपर्यंत वाट पाहतो. लिनक्सवर ती वेळ मुळात ७२०० सेकंद, म्हणजे २ तास. तुमचे ‘दीड-दोन तास’ इथून येतात.

तातडीचा उपाय ‘एलएमरिमूव्ह’. ‘एलएमस्टॅट’मध्ये दिसणारं फीचरचं नाव, युजर, होस्ट आणि डिस्प्ले जसंच्या तसं देऊन ते एक लायसन्स सोडवता येतं. सर्व्हर सुरू करताना ही सोय बंद केलेली असेल तर चालणार नाही. नोड खरोखर मेला होता याची खात्री करूनच वापरा. चालत्या जॉबचं लायसन्स काढून घेतलंत तर दिवसभराचा रन वाया जाऊ शकतो.

कायमचा उपाय म्हणून लायसन्स सर्व्हरवर ‘टीसीपी कीपअलाइव्ह टाइम’ ६०० सेकंदांवर आणा, आणि ‘सिसकंट्रोल’च्या फाइलमध्ये लिहून कायम करा. डिमनने आपल्या कनेक्शनला कीपअलाइव्ह लावलेलं असेल तरच ही सेटिंग चालते, म्हणून जूनची वाट न बघता आताच चाचणी घ्या. रिकाम्या नोडवर एक लायसन्स घेणारा जॉब लावा आणि नोडची केबल ओढा. शटडाउन देऊ नका, त्यात कनेक्शन व्यवस्थित बंद होतं आणि चाचणी फसते. मग ‘एलएमस्टॅट’ दर मिनिटाला बघत राहा. ६०० सेकंदांनंतरही सर्व्हर काही तपासण्या पाठवतो: मूळ सेटिंगमध्ये ७५ सेकंदांच्या अंतराने ९. म्हणजे एकूण वीसेक मिनिटं धरून चला.

ऑप्शन्स फाइलमधल्या ‘टाइमआउट’वर मात्र यासाठी भिस्त ठेवू नका. ती सोय लायसन्स घेऊन नुसत्या बसून राहिलेल्या प्रोग्रॅमसाठी आहे, आणि सॉफ्टवेअरने तिला साथ दिली तरच चालते.

प्रश्न: मे महिन्यातल्या गडगडाटात लायसन्स सर्व्हरचा मदरबोर्ड जळाला. नवा बसवला, डिस्क तीच. आता व्हेंडर डिमन ‘चुकीचा होस्ट आयडी’ म्हणतो. ‘सर्व्हर’ ओळीत नव्या कार्डाचा आयडी लिहिला तर उणे ८.
– मडगाव

उत्तर: होस्ट आयडी म्हणजे इथे नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता. तो फाइलच्या सहीत गुंफलेला असतो, म्हणून हाताने बदलला की सही जुळत नाही आणि उणे ८ येतो. हाताने बदलता येतात त्या मुख्य गोष्टी चार: सर्व्हरचं नाव, पोर्ट, व्हेंडर डिमनचा पाथ आणि ऑप्शन्स फाइलचा पाथ. ‘एलएमहोस्टआयडी’ चालवून नवा आयडी घ्या आणि विक्रेत्याकडून त्यावर फाइल पुन्हा काढून घ्या. जुना मॅक नव्या कार्डावर लादण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका; तो करारभंग आहे.

नवी फाइल ईमेलने आली की थेट सर्व्हरवर उतरवा. विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडून चिकटवताना लांब ओळी मोडतात, ओळीच्या शेवटचा बॅकस्लॅश हरवतो, आणि चांगली फाइल बिघडते. नव्या बोर्डावर घड्याळही तपासा. ते मागेपुढे असेल तर उणे ८८ (घड्याळ मागे नेलं) किंवा उणे १० (मुदत संपली) येऊन तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

आणखी एक. नव्या बोर्डासोबत लिनक्सही नवं बसवलंत, तर ‘एलएमजीआरडी’ समोर दिसत असूनही ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर मिळू शकतं. फाइल असते, नसतो तो तिला लागणारा एलएसबीचा (लिनक्स स्टँडर्ड बेसचा) लोडर. तुमच्या वितरणात एलएसबी पॅकेज मिळत असेल तर ते बसवा.

प्रश्न: मॅटलॅबमधली एकच स्क्रिप्ट वेगवेगळ्या इनपुटवर दोनशे वेळा चालवायची आहे. लायसन्स दहा. काही वाट आहे का?
– प्राध्यापक, म्हापसा

उत्तर: आहे, आणि ती कायदेशीरही आहे. तुमच्याकडे मॅटलॅब कंपायलर असेल तर स्क्रिप्ट एकदा कंपाइल करा. तयार झालेला प्रोग्रॅम नोडवर मोफत मिळणाऱ्या मॅटलॅब रनटाइमवर चालतो आणि चालताना लायसन्स मागत नाही. कंपायलरचं लायसन्स फक्त कंपाइल करताना लागतं. रनटाइमची आवृत्ती कंपाइल केलेल्या आवृत्तीशी तंतोतंत जुळली पाहिजे. जुळली नाही तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. दोनशे रन स्लर्मच्या जॉब ॲरेने (एकाच जॉबच्या क्रमांकित प्रतींनी) सोडा आणि प्रत्येक टास्कला ‘एमसीआर कॅश रूट’ (रनटाइमचं तात्पुरतं फोल्डर) नोडच्या स्थानिक ‘टीएमपी’मध्ये वेगळा द्या. तो होममध्ये राहिला तर सगळे टास्क एकाच फोल्डरवर तुटून पडतात आणि काही सुरू होतानाच मरतात.

कंपायलर नसेल तर जॉब ॲरेच्या आकड्यांनंतर टक्क्याचं चिन्ह आणि ८ लिहा, म्हणजे एका वेळी आठच टास्क चालतील आणि दोन लायसन्स वर्गासाठी मोकळी राहतील. स्क्रिप्ट एखादा टूलबॉक्स वापरत असेल तर त्याचीही संख्या ‘एलएमस्टॅट’मध्ये बघून घ्या. मॅटलॅब दहा आणि त्या टूलबॉक्सची दोनच असतील, तर मर्यादा दोनची धरा.