मराठी विनोदी नाटकाचं रेकॉर्डिंग पाहिलं, हसूच आलं नाही. तिकीट काढून नाट्यगृहात जाण्यात अर्थ आहे का?

आहे. फक्त रिकाम्या प्रयोगाला जाऊ नका.

मोबाइलवर बघताना कलाकार उगाच ओरडतात आणि वाक्य झालं की थांबून राहतात असं वाटलं, हे तुम्ही लिहिलंय ते बरोबरच आहे. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, त्यामुळे पट्टी वरची. हेडफोनमध्ये ती टोचणारच. थांबण्याचं गणित मात्र मला एकच नाटक दोनदा पाहिल्यावर कळलं.

पहिल्यांदा पाहिलं ते दादरला शिवाजी मंदिरात. रविवार, दुपारी 4 चा प्रयोग, हाऊसफुल्ल. नवऱ्याचं काम करणारा नट बायकोला टोमणा मारून टेबलावरचा ग्लास उचलायचा आणि हशा ओसरेपर्यंत पाणी पीत राहायचा. एकदा ग्लास संपला तरी लोक थांबेनात, तेव्हा त्याने रिकाम्या ग्लासात डोकावून पाहिलं. झालं, परत हशा. सहा महिन्यांनी आईला घेऊन गेलो ते आडवारी, त्यात मुसळधार पाऊस. पन्नासेक माणसं, तीही विखरून बसलेली. तोच टोमणा, तोच ग्लास. घोटभर प्यायला, ठेवला, पुढे गेला. त्या दिवशी नाटक चांगलं पंधरा मिनिटं लवकर सुटलं, आणि वाक्य तर एकही गाळलेलं नव्हतं!

दुसरं म्हणजे, काही गंमत कॅमेऱ्यात मरूनच जाते. 2002 साली आलेल्या ‘सही रे सही’मध्ये भरत जाधव एका बाजूने आत जातो आणि कपडे बदलून भलताच माणूस होऊन दुसरीकडून बाहेर येतो. पडद्यावर हे बघून काय वाटणार? तिथे एडिटिंगने कुणीही ते करेल. समोर बसल्यावर मात्र आपण विंगेकडे डोळे लावून सेकंद मोजतो. ‘वस्त्रहरण’चं (1980) वेगळंच. कोकणातल्या गावची मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ उभा करायला जातात आणि सगळा बट्ट्याबोळ होतो. नाटक मालवणी बोलीत, आणि माझी मालवणी कच्ची. शेजारी बसलेले काका हसले की मागोमाग मी हसायचो. मध्यंतरापर्यंत त्यांच्या बरोबरीने हसू लागलो. घरी एकट्याने पाहिलं असतं तर पहिल्या दहा मिनिटांत बंद केलं असतं.

डोंबिवलीत राहताय म्हणजे सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहेच, दादर गाठायची गरज नाही. शनिवार-रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिराती पाहा. पाचवी ते दहावी रांग मिळाली तर उत्तम. अगदी पुढे मान वर करून बसावं लागतं. बाल्कनी स्वस्त असते, पण पहिल्या नाटकाला नको. लोक खाली हसतात आणि आपण वरून ते ऐकतो.

तिकीट काढण्याआधी ऑनलाइन प्लान उघडून किती खुर्च्या गेल्यात ते बघा. आदल्या दिवशीही निम्म्याहून जास्त प्लान रिकामा असेल तर पुढच्या रविवारचा प्रयोग धरा. (निर्माते मला शिव्या घालतील, पण पहिल्यांदाच जाताय म्हणून सांगतोय. एकदा चटक लागली की पावसातल्या पन्नास जणांतही जाऊन बसाल.)