मावशी लग्न होऊन जाणार, हे सात वर्षांच्या मुलाला कधी आणि कसं सांगावं?

तुम्ही लिहिलंय की परळच्या चाळीत तुम्ही आणि तुमची बहीण मिळून मुलाला वाढवताय आणि दोन महिन्यांनी ती लग्न होऊन ठाण्याला जाईल. त्याच्या लेखी ही दोन आयांपैकी एक आहे. म्हणून ‘मावशीचं लग्न, मज्जा!’ एवढ्यावर भागणार नाही.

पहिल्या केळवणाच्या आधी सांगा. नाहीतर पंगतीत कुणीतरी ‘आता मावशी तुला सोडून जाणार हं’ म्हणून मोकळं होतं. दोघींनी मिळून सांगा. ‘काहीच बदलणार नाही’ हे मात्र म्हणू नका. बदल त्याला दिसणारच, मग तुमच्या खऱ्या शब्दांवरही त्याचा भरवसा राहत नाही.

खरं काम पुढे आहे. मावशी दिवसभरात त्याचं काय काय करते ते कागदावर लिहा: उठवणं, डबा, शाळेत सोडणं, अभ्यास, झोपवणं. ती घरात असतानाच दर आठवड्याला एकेक काम तुमच्याकडे किंवा शेजारच्या काकूंकडे येऊ द्या. सगळं एकाच दिवशी थांबलं की मुलाच्या पायाखालची जमीन सरकते. झोपवणं सर्वांत शेवटी, कारण तेच सर्वांत अवघड. चार-पाच रात्री दोघी जवळ बसा, मग मावशी फक्त गोष्ट सांगून उठेल. शाळेतून आणणाऱ्यांच्या यादीतलं नावही आत्ताच बदला, वर्गशिक्षिकांना कल्पना द्या.

पाठवणीला मोठी माणसं रडतात, त्याने मूल घाबरतं. ते आधी सांगून ठेवा. त्या वेळी तुम्ही स्वतः बहिणीच्या गळ्यात असाल, म्हणून त्याचा हात धरायला त्याच्या सवयीचं एक माणूस नेमा. तो झोपलेला असताना मावशीने निघू नये.

भेटीचा वार पक्का करा, पण रविवार नको. त्या दिवशी मध्य रेल्वेवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असला की गाड्या रखडतात, आणि सुरुवातीलाच दोन भेटी चुकल्या तर मूल वाट पाहणं सोडून देतं. शनिवार बरा. कालनिर्णयवर त्याच्याच हाताने खुणा करून घ्या. फोन संध्याकाळी करा; झोपताना केला तर रडू येतं.

काही आठवडे चिडणं, पोट दुखणं, क्वचित अंथरूण ओलं होणं शक्य आहे. ओरडू नका. महिन्यानंतरही झोप, जेवण, शाळा रुळावर आली नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. केईएम रुग्णालयाचा मनोविकार विभागही तुमच्या परळमध्येच आहे.

लग्नाआधी ठाण्याचं घर त्याला दोन-तीनदा दाखवा. नव्या माणसाला ‘काका म्हण’ असा आग्रह नको, सवयीने म्हणेल. तिथे एका खणात त्याचा ब्रश, टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड त्यालाच ठेवू द्या.