मॉरिशसला निघालात? आधी ‘ती’ आणि ‘पू’ ऐकायला शिका

‘फ्रेंचची बी-वन ही मधली पातळी झाली आहे, मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईला कामासाठी चाललोय, पण तिथल्या लोकांचे व्हिडिओ ऐकताना शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ लागत नाही’ हे तुमचं वाचलं आणि माझं तिथलं पहिलं वर्ष आठवलं.

मला आपल्याकडच्या एका क्लासने सांगितलं होतं की क्रिओल, म्हणजे तिथली रोजची बोलीभाषा, ही मोडकी फ्रेंच, वेगळं काही शिकायला नको. नाव घेत नाही, पण त्या सल्ल्यापायी बारा रात्रींचं हॉटेलभाडं भरलंय. घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘लाकाझ-ला ती पू लिब वान्द्रेदी’. मी ‘लिब’ आणि ‘वान्द्रेदी’ पकडलं: घर शुक्रवारी रिकामं. ‘ती’ हे फ्रेंच ‘पेती’ (लहान) असेल म्हणून सोडून दिलं. शुक्रवारी जुनी खोली सोडून सामानासकट दारात गेलो, तर आधीचं कुटुंब जेवायला बसलेलं. ‘पू लिब’ म्हणजे रिकामं होणार. ‘पू’च्या आधी ‘ती’ आला की रिकामं होणार होतं! आपण मराठीत ‘होणार आहे’ आणि ‘होणार होतं’ यांत कधी गल्लत करतो का?

मी भाषातज्ज्ञ नाही, पण माझं मत ठाम आहे: ही वेगळी भाषा आहे. शब्द बहुतेक फ्रेंच, व्याकरण स्वतःचं. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, काळ क्रियापदाआधीच्या छोट्या शब्दांत असतो: ‘मो पे मांझे’ जेवतोय, ‘मो फिन मांझे’ जेवलोय. लिंगभेद नाही. फ्रेंच आर्टिकल, म्हणजे नामाआधीचा ‘ला’सारखा छोटा शब्द, नामाला कायमचं चिकटलंय, म्हणून पाणी ‘दिलो’ आणि घर ‘लाकाझ’. ‘ते घर’ सांगायला शेवटी आणखी एक ‘ला’: ‘लाकाझ-ला’. फ्रेंच अमलात मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी ही भाषा घडवली. 1810मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेलं, तरी ती टिकली. 2012पासून ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय आहे. तिला मोडकी म्हणणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो.

एक सांभाळा. नेटवर क्रिओलचे धडे शोधलेत तर बरेचसे हैतीच्या वेगळ्या क्रिओलचे निघतील. तिथे ‘माझं पुस्तक’ म्हणजे ‘लिव म्वें’, मॉरिशसला ‘मो लिव’. आणि मोठ्या माणसांना ‘तो’ नको, ‘ऊ’ म्हणा. आपल्या तू-तुम्हीसारखंच आहे ते. तिथल्या मराठी घरांतही रोजचं बोलणं बहुधा क्रिओलमध्येच ऐकाल, तेव्हा मराठीवर निभेल असंही धरू नका.