आधी वजन, मग पाय

चिरंजीव,

तुझा मेसेज रात्री वाचला. ‘ताई चीचा चोवीसचा फॉर्म पाठ झाला काका, पण काही जाणवत नाही. आता बेचाळीसचा धरू की सोडूनच देऊ?’ या तुला दोन वाटा वाटतात. मला एकच वाटते.

चोवीस हालचालींचा हा फॉर्म १९५६ साली चीनमध्ये मुद्दाम आटोपशीर करून बसवला, म्हणून तुला तो पहिलीचा धडा वाटतो का? पाठ झाला तो तुझ्या हातांना. परवा मी तुझे पाय बघत होतो. ‘माकडाला मागे सारणे’ या हालचालीत, उलटं चालताना, तू मागचा पाय टेकवतोस आणि भार अजून दोन्हीकडे असतानाच पुढचा उचलतोस. म्हणून डोलतोस. आधी वजन, मग पाय. मागे जाताना चवडा टेकेल, मग टाच, मग सगळा भार हळूहळू तिकडे जाईल. पुढचा पाय आपसूक हलका होतो, उचलावा लागत नाही. ताई चीचे जुने गुरू यांग चंगफू, त्यांच्या दहा सूत्रांत हे चौथं आहे: भरला पाय कोणता, म्हणजे भार असलेला, आणि रिकामा कोणता, ओळखा. तू दोन्ही अर्धे भरून ठेवतोस.

याचं लगेच जीवनाचं तत्त्वज्ञान करू नकोस, तुला ती खोड आहे. मी गुडघ्याबद्दल बोलतोय.

माझ्या गुडघ्याबद्दल. कल्याणची बदली संपवून भुसावळला परतलो तेव्हा मला चोवीस यायचा, बेचाळीस यायचा, तलवारीचाही अर्धामुर्धा यायचा. शेडमधल्या दोस्तांना करून दाखवायचो. भरल्या पायावरच गुडघा फिरवायचो, तसं वळण झोकदार दिसतं ना! सहा वर्षांत उजवा गुडघा असा झाला की स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या आडवा होऊन उतरायचो.

मग सगळं टाकलं आणि दोन वर्षं नुसता चाललो. अमळनेरकडच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. धाबं मातीचं. वजन पुरतं न टाकता पाय ओढला की खालून खर्र वाजतं. महिनोन्‌महिने तेच ऐकत होतो. खालून दूधवाला ओरडायचा, ‘काय शोधी ऱ्हायना भो?’ एका पहाटे या टोकापासून त्या टोकापर्यंत खर्र वाजलंच नाही. सांगणार कोणाला? खाली जाऊन चहा प्यालो.

त्या दोन वर्षांचं मला दुःख नाही. आधीच्या सहांचं आहे.

मिळालं काय, विचारतोस. अडुसष्टाव्या वर्षी भिंत न धरता उभ्यानं पँट चढवतो. गेल्या पावसाळ्यात कपाशीत काळ्या चिखलात पाय रुतला. चप्पल गेली, मी नाही गेलो. घरचे म्हणतात चिडणंही कमी झालंय. हे पत्र वाचून तुला पटणार नाही, जाऊ दे.

तू पाठवलेला २०१२ चा तो अमेरिकेतला अभ्यास वाचला. पार्किन्सनचे १९५ रुग्ण, तीन गट, आठवड्यातून दोनदा, आणि ताई चीवाल्यांचा तोल नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा सुधारला. छान. पण ते चोवीस आठवडे चाललं होतं रे. हात थरथरणारी माणसं टिकली आणि तू सोळाव्या आठवड्यात विचारतोस सोडू का!

लोक मलाही विचारतात, वर्ग का नाही काढला, सर्टिफिकेट का नाही घेतलं. गुडघा बिघडवून कमावलेल्या गोष्टीचं सर्टिफिकेट काय करायचं? एकदा अर्ज भरला होता. पाठवला नाही. तो शहाणपणा होता की आळस, ते ठरवायचं मी सोडून दिलंय. आधी वजन, मग पाय. अर्जावर वजन पडलंच नव्हतं, असं समज.

बेचाळीसचं नंतर बघू. महिनाभर फक्त माकड. चार पावलं मागे, वळायचं, पुन्हा चार.

शनिवारी रात्रीच गावी ये, काकूनं कळण्याचं पीठ दळून आणलंय. पहाटे अनवाणी वर यायचं. शिडीची तिसरी पायरी हलते, तिच्यावर मात्र वजन टाकू नकोस.

तुझा,
काका