ग्वाटेमालात अभिलेखांच्या कामाला येताय, तर ही तयारी करा

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून ग्वाटेमाला सिटीत जुन्या पोलिसी कागदपत्रांवर काम करायचंय, काय शिकून यावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी स्पॅनिश, आणि तीही नुसती बोलण्यापुरती नको. फिकट कार्बन प्रती, अर्धवट शिक्के, नावाऐवजी आद्याक्षरं हे सगळं वाचता आलं पाहिजे. 2005 मध्ये इथे राष्ट्रीय पोलिसांची सुमारे 8 कोटी पानं सापडली, बरीचशी ओल लागलेल्या ढिगांत. सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या 1960 ते 1996 च्या संघर्षात दोन लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, असा सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. इतके कागद एकेक करून वाचायला कित्येक वर्षं जातील, म्हणून नमुना काढायचा, म्हणजे थोडे कागद निवडून त्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा.

पण नमुना काढायला यादी लागते आणि ढिगांची यादी नसते. ती तुम्हीच बनवायची: खोलीचा नकाशा, प्रत्येक कपाटाला नि ढिगाला क्रमांक, लांबी-रुंदी-उंची. आकारमानाच्या प्रमाणात ढीग निवडायचे. मग यादृच्छिक अंकाने जी उंची येईल, समजा 47 सेंटिमीटर, नेमका तिथलाच कागद काढायचा. वरचा, सुटा, नीट वाचता येणारा कागद घ्यायचा मोह होतो आणि नमुना तिथेच बिघडतो. हात जाड फाइलीत पडला तर तिची पानं मोजून लिहा. जाड फाइल निवडली जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणून हिशेबात तिचा भार (वजन) कमी करावा लागतो. तुमचं काम चालू असताना सफाई करणारे गठ्ठे हलवतात, त्यामुळे मूळ जागेची नोंद कागदासोबतच राहिली पाहिजे.

एकाच ढिगातले कागद एकमेकांसारखे असतात. हे विसरलात तर त्रुटीची मर्यादा, म्हणजे अंदाज किती चुकू शकतो तो आकडा, खोटी, फारच लहान येते. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं ‘सर्व्हे’ पॅकेज येण्यापूर्वी शिका. काही कागद दोघांकडून स्वतंत्रपणे कोड करून, म्हणजे ठरलेल्या वर्गांत नोंदवून घ्या. जुळत नसेल तर व्याख्या सुधारा.

नमुन्यातून एखादा हरवलेला माणूस सापडत नाही, हे नीट समजून या. अगदी साध्या यादृच्छिक नमुन्याच्या 3,000 पानांत एकदाही त्याचं नाव आलं नाही, तरी 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की त्याचं नाव असलेल्या पानांचं प्रमाण हजारात एकापेक्षा कमी आहे. 8 कोटींत ती 80,000 पानं होऊ शकतात. ढिगांमुळे हा आकडा आणखी वाढतो. म्हणून नातेवाईक विचारायला आले तर नमुन्यावरून कधीही ‘नाही’ म्हणू नका. त्यांच्यासाठी नावनिशीवार शोधच हवा.

नमुना उपयोगी पडतो तो पोलिसयंत्रणा कशी चालत होती हे दाखवायला: हुकूम कुठून निघत, अहवाल कुणापर्यंत पोहोचत. 1984 मध्ये बेपत्ता झालेले विद्यार्थी आणि कामगार नेते एदगार फेर्नांदो गार्सिया यांच्या खटल्यात कागदांच्या या प्रवासाचं विश्लेषण न्यायालयापुढे आलं. 2013 मध्ये माजी पोलिसप्रमुख बोल दे ला क्रूस यांना 40 वर्षांची शिक्षा झाली.

मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, बुरशी वाढते. बुरशीसाठी चांगला मास्क आणि हातमोजे सोबत आणा.