ज्यू धर्मात शेजारी, गिऱ्हाईक, नोकर यांच्याशी कसं वागायचं याचेही नियम असतात का?

तुम्ही विचारलंय की ज्यू धर्माचे नियम म्हणजे शनिवार पाळणं आणि खाण्यापिण्याची बंधनं एवढंच, की माणसांशी रोज कसं वागायचं तेही लिहून ठेवलंय. आणि ठेवलं असेल तर ते फक्त ज्यूंनी ज्यूंशी वागण्यापुरतं का. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या जुन्या ज्यू समाजातला, ठाण्याचा. घरगुती वस्तूंचं दुकान आहे. रब्बी म्हणजे धर्मपंडित वगैरे नाही, तेव्हा हे गल्ल्यावर बसणाऱ्याचं उत्तर समजा.

लिहून ठेवलंय, आणि चिक्कार. चौथ्या शतकातला बाबिलोनचा पंडित रावा म्हणतो, मेल्यावर न्यायाला उभं केलं की माणसाला पहिला प्रश्न येतो: देवाणघेवाण सचोटीनं केलीस का? तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ, शिकायला ठरावीक वेळ काढलास का, हे त्यानंतर.

मला सगळ्यात आवडणारा नियम मिश्नातला आहे. मिश्ना म्हणजे इ.स. 200च्या सुमारास एकत्र केलेली कायद्यांची संहिता. तिच्या बाबा मेसिया या भागात म्हटलंय की खरेदीविक्रीत जशी फसवणूक असते तशी बोलण्यातही असते. आणि पहिलंच उदाहरण काय, तर घ्यायचंच नसेल तर दुकानदाराला ‘केवढ्याला?’ असं विचारू नये. बस. एक पैसाही इकडचा तिकडे झालेला नाही, तरी गुन्हा. कारण तुम्ही त्याला उगाच आशा लावलीत.

हे कुणासाठी लिहिलंय ते मला नीट कळतं. भर दुपारी एखादे गृहस्थ येतात. तीन मिक्सर खोक्यातून काढायला लावतात, जार बसवून बघतात, गरगर फिरवून आवाज ऐकतात, आणि मग माझ्यासमोरच मोबाइल काढून तोच मॉडेल नंबर टाइप करतात. आता चार दुकानं फिरून भाव काढायला अजिबात मनाई नाही; तो गिऱ्हाइकाचा हक्कच आहे. पण ऑनलाइनच घ्यायचं हे घरून ठरवून आलात आणि वस्तू नुसती हाताळायला माझ्याकडे शिरलात, तर ते या नियमात बसतं. दोघांत फरक काय, हे मला कळणार नाही, कोर्टाला तर नाहीच. ताल्मुद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, तोही तेच म्हणतो. ज्या गोष्टी फक्त करणाऱ्याच्या मनाला ठाऊक असतात, तिथेच तोरात ‘देवाचं भय बाळग’ हे शब्द जोडलेले आहेत. पकडला जाणारा चोर वेगळा. हा सगळा कायदा न पकडल्या जाणाऱ्याचा आहे.

त्याच चर्चेत आणखी एक मजेशीर उदाहरण आहे. गाढववाले धान्य शोधत आले, तर ज्यानं जन्मात धान्य विकलं नाही त्याचं दार त्यांना दाखवू नये. आपल्याकडे याला गंमत म्हणतात आणि वर टाळ्याही देतात!

आणि सुधारलेल्या माणसाला त्याचं जुनं काही आठवून देऊ नये, धर्मांतरिताच्या मुलाला ‘तुझे पूर्वज काय करायचे ते आठव’ म्हणू नये. इथे मी थोडा तिरकस होतो. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमधल्या मुख्य रब्बींनी आमच्याच लोकांच्या लग्नाच्या वेळी वंशाची चौकशी करायचा फतवा काढला होता. आम्ही धर्मांतरित नव्हतो, पण बोच तीच. लोक रस्त्यावर उतरले, 1964मध्ये क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, ठराव करून बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत असं सांगावं लागलं. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांच्या वारसांनाही तो पाळायला जड जातो.

पैशाचे नियम मात्र काटेकोर. चालू बाजारभावाच्या सहाव्या हिश्शाएवढं जास्त घेतलं, म्हणजे 600चा कुकर 700ला विकला, तर वरचे 100 परत करायचे. त्याहून जास्त असेल तर सौदाच मोडता येतो. कमी असेल तर चालवून घ्यायचं. दुकानदारानं मापं आठवड्यातून दोनदा पुसायची, वजनं आठवड्यातून एकदा घासायची, आणि काट्याची पारडी प्रत्येक तोलाला पुसायची. तेलाचा चिकटा राहिला तरी कुणाच्या तरी पदरात कमी पडतं. कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे आम्हाला. हा नियम वाचला की मला पहिल्यांदा तेच आठवतात.

पण हिशेब बरोबर आला की सुटलो, असंही नाही. ताल्मुदातली एक गोष्ट सांगतो. एका पंडिताच्या हमालांनी त्याचा दारूचा पिंप फोडला. त्यानं भरपाई म्हणून त्यांचे अंगरखे काढून घेतले. ते राव नावाच्या न्यायाधीशाकडे गेले. राव म्हणाला, अंगरखे परत कर. पंडितानं विचारलं, कायदा असा आहे? राव म्हणाला, हो, ‘सज्जनांच्या वाटेनं चाल’ असं लिहिलंय. हमाल म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलो, उपाशी आहोत, हातात काही नाही. राव म्हणाला, यांची मजुरी दे. हा पुन्हा: कायदा असा आहे? राव पुन्हा: हो. नुकसान ज्याचं झालं त्यानंच वर मजुरीही द्यायची! माझ्या दुकानातल्या पोऱ्याच्या हातून काचेचा सेट फुटतो तेव्हा ही गोष्ट मला मुळीच आठवायची नसते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. खरं सांगायचं तर जुन्या कायद्यात परक्यांच्या बाबतीत फरक आहेत, उदाहरणार्थ मूर्तिपूजकाची हरवलेली वस्तू परत करण्याची सक्ती नव्हती. ते लपवण्यात अर्थ नाही. पण फसवणुकीला तिथेही मुभा नाही. कुणाचीच, बिगरज्यूचीही, दिशाभूल करू नये, असं श्मुएल या पंडितानं साफ सांगितलंय. दक्षिण फ्रान्समधल्या मेइरी या पंडितानं 13व्या-14व्या शतकात पुढे जाऊन मांडलं की धर्माच्या रीतीनं बांधलेल्या लोकांना ते फरक लागूच नाहीत. आमच्या कोकणातल्या पूर्वजांकडे तर शतकानुशतकं ताल्मुदच नव्हता. शेजारी सगळे हिंदू-मुसलमान. दोन प्रकारची मापं ठेवून त्यांचा घाणा चालला नसता.

जिभेबद्दल थोडं, कारण तिथे सगळेच अडकतात. दुसऱ्याबद्दल वाईट बोलणं हे खरं असलं तरी मना आहे. यावर पूर्व युरोपातल्या रादिन गावच्या इस्राएल मेइर कागान या रब्बींनी 1873मध्ये ‘हाफेत्झ हायिम’ हा अख्खा ग्रंथ छापला. ते पुढे त्याच नावानं ओळखले गेले. गावात त्यांचं छोटं किराणा दुकानही होतं. पण गप्प राहणं हेही नेहमी बरोबर नसतं. कुणी स्थळाची चौकशी करायला आलं आणि मुलाबद्दल गंभीर काही तुम्हाला पक्कं ठाऊक असेल, तर सांगावंच लागतं. अटी आहेत: ऐकीव नको, तिखटमीठ नको, मनात जुना राग नको, आणि दुसऱ्या मार्गानं काम होत असेल तर तोंड उघडू नये. आमच्या आळीत चौकशीला आलेल्यांना चहा मिळतो आणि या चारही अटी मोडणारा कुणीतरी हमखास शेजारीच बसलेला असतो.