वाचक विचारतात : गॉथेनबर्ग लिहावं की स्वीडिश नाव?

प्रश्न : आमच्या चाकणच्या कारखान्यातले दोघे कामासाठी स्वीडनला जाणार आहेत. आमंत्रणपत्रात शहराचं नाव गॉथेनबर्ग, तिकिटावर गोटेबोर्ग आणि हॉटेलच्या कागदावर तेच, पण ‘ओ’वर दोन टिंबं. शहरं किती आणि इंग्रजी पत्रात लिहायचं काय?

शहर एकच. डेन्मार्कला तोंड देण्यासाठी राजा गुस्ताव्ह अडॉल्फने 1621 मध्ये वसवलेलं तटबंदीचं बंदर. आधीची वस्ती डेन्सनी 1611 मध्ये जाळली होती. नव्या गावाची आखणी डचांनी केली आणि सुरुवातीच्या नगरसभेत स्वीडिश लोकांबरोबर डच, जर्मन, स्कॉटिशही बसत. त्यामुळे एका गावाच्या नावाची अनेक रूपं असणं तिथं जुनंच आहे.

इंग्रजी वाक्यात गॉथेनबर्गच लिहा. स्पेलिंग जी-ओ-टी-एच-ई-एन-बी-यू-आर-जी. शेवटी ‘बर्ग’मध्ये ‘ई’ घालण्याची चूक सर्रास होते. तिथं ‘यू’ हवा. महापालिकाही इंग्रजीत हेच नाव वापरते. पत्रात पहिल्या उल्लेखाला कंसात स्वीडिश नाव द्या, म्हणजे तिकीट आणि हॉटेलचा कागद त्याच्याशी जुळवता येईल. छापून आलेली कागदपत्रं मात्र दुरुस्त करून मागत बसू नका. विमानतळाचा संकेत जीओटी सगळीकडे एकच, तो तपासा. हॉटेल शोधताना देश स्वीडन निवडा, कारण गॉथेनबर्ग नावाचं गाव अमेरिकेत नेब्रास्कातही आहे.

लिफाफ्यावर नियम उलटा. तिथलं पत्र स्वीडिश पोस्टमन वाचणार, म्हणून शहराचं नाव स्वीडिश, देशाचं इंग्रजी. रस्त्याचं नाव आधी, घरक्रमांक नंतर. पाच आकडी पिनकोड तीन आणि दोन असा तोडून शहराच्या आधी येतो. रेल्वेच्या फलकावरही स्वीडिश नावच असतं, तेव्हा जाणाऱ्यांना ते ओळखता आलं पाहिजे.

प्रश्न : आमच्या पुरवठादारांच्या यादीत हे नाव उघडलं की मधेच विचित्र चिन्हं दिसतात. टिंबं काढून टाकली तर चालेल का?

इंग्रजी यादी असेल तर गॉथेनबर्ग लिहा, प्रश्नच मिटला. स्वीडिश नाव हवंच असेल तर टिंबं ठेवा. ती शोभेची नाहीत. टिंबांचा ‘ओ’ हे स्वीडिश वर्णमालेतलं शेवटचं, स्वतंत्र अक्षर आहे. म्हणून त्यांच्या यादीत हे शहर ‘गेव्हले’ या दुसऱ्या स्वीडिश शहराच्याही खाली सापडतं आणि ‘जीओ’पाशी शोधणारा हात हलवत परत येतो.

विचित्र चिन्हं येतात कारण संगणकात अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत हे अक्षर दोन बाइट्सचं असतं आणि जुन्या पद्धतीने फाइल उघडली की त्याची दोन वेगळी चिन्हं होतात. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करू नका. ‘डेटा’ टॅबमधून मजकूर आयात करा आणि 65001 हा यूटीएफ-8 पर्याय निवडा. एकदा बिघडलेली फाइल सेव्ह केली की बिघाड कायमचा होतो, तेव्हा मूळ प्रत बाजूला ठेवा. टाइप करताना विंडोजवर ऑल्ट दाबून अंकपट्टीवर 0246, मोठ्या अक्षरासाठी 0214. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. फोनवर ‘ओ’ दाबून धरा, पण तिरकी रेघ असलेला ‘ओ’ उचलू नका; तो डॅनिश-नॉर्वेजियन आहे.

वेबपत्त्यात साधा ‘ओ’ चालतो, महापालिकेच्या संकेतस्थळाचाही तसाच आहे. ‘ओ’च्या जागी ‘ओई’ घालणं ही जर्मन सवय, स्वीडिश माणसाला ती खटकते.

प्रश्न : प्रबंधात संस्थांची नावं कशी द्यावीत?

संस्था स्वतः इंग्रजीत जे लिहिते ते. शहराच्या नावावरून अंदाज बांधू नका. मुंबई झाली तरी उच्च न्यायालय इंग्रजीत बॉम्बेच राहिलं, तसलाच प्रकार आहे. विद्यापीठ पूर्वी इंग्रजीतही स्वीडिश रूप वापरायचं, आता ‘युनिव्हर्सिटी ऑफ गॉथेनबर्ग’ म्हणवतं. जुन्या लेखांवरचं जुनं नाव मात्र तसंच ठेवा. चित्रपट महोत्सव आणि आयएफके हा फुटबॉल क्लब इंग्रजीतही स्वीडिश रूप ठेवतात. हवाप्रदूषणाबद्दलचा 1999 चा करार ‘गॉथेनबर्ग प्रोटोकॉल’. इथं स्वीडिश नाव घालणं ही चूकच. 1745 मध्ये बंदराच्या तोंडाशी बुडालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाचं नावही शहराचंच, पण त्यात ‘टी’नंतर ‘एच’ येतो. ते जुनं स्पेलिंग आहे, मुद्रितशोधकाने ते ‘सुधारू’ नये. संदर्भसूचीत प्रकाशनस्थळाचा घोळ असेल तर एपीए या संदर्भलेखनाच्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीने ते देण्याची अटच काढली आहे.

प्रश्न : उच्चार?

इंग्रजीत बोलताना ‘गॉथेनबर्ग’. स्वीडिशमध्ये साधारण ‘योतेबॉर्य’, जोर शेवटच्या ‘बॉर्य’वर. पहिला आणि शेवटचा, दोन्ही ‘जी’ तिथं ‘य’सारखे होतात. स्टेशनवर ‘गोटेबोर्ग’ शोधत कान लावून बसलात तर घोषणा होऊन जाईल आणि कळणारही नाही.